हातातला छापखाना आणि आपले कायदेशीर हक्क

(धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त संस्थेच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीस साहेबांनी आम्हांला पत्र पाठविले, त्यात विषय लिहिला होता 'व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि कायदा'. सम्यक वाचेवर दोन शब्द सांगा असेही त्यांनी तोंडी सुचविले होते. परंतु तो अधिकार भन्तेजींचा आहे. आम्ही कोर्टात उभी राहणारी माणसे. माणूस बोलतो काय, यापेक्षा त्याचे बोलणे पोलिसांच्या कागदावर कसे उतरते, हे आम्ही रोज पाहतो. तेव्हा तेवढेच सांगणार आहोत.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. त्या पत्राची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला त्या काळच्या एका मोठ्या वृत्तपत्राने नकार दिला, ही हकीकत आपणांस माहीत आहे. आपले म्हणणे छापून येण्यासाठी आपल्या आजोबा-पणजोबांना स्वतःचे पत्र काढावे लागले, वर्गणीसाठी दारोदार जावे लागले. आज या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. वर्गणी लागत नाही, खिळे जुळवावे लागत नाहीत, कोणाची परवानगी लागत नाही. ही लहान गोष्ट नव्हे. मोबाईल वाईट, तो फेकून द्या, असे सांगायला आम्ही आलेलो नाही.

फक्त एक गोष्ट जुन्या छापखान्यात होती, ती या छापखान्यात दिसत नाही. कोणत्याही वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाला बारीक अक्षरांत एक ओळ असे, मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, संपादक अमुक. १८६७ च्या कायद्याने मुद्रक-प्रकाशकाचे नाव छापणे सक्तीचे केले होते. मजकुरावरून खटला झाला तर कोणाला धरायचे, हे त्या ओळीवरून ठरे. तुमच्या मोबाईलवर ती ओळ दिसत नाही म्हणून ती नाही, असे समजू नका. मुद्रक तुम्ही, प्रकाशक तुम्ही आणि संपादकही तुम्हीच. कायदा तसेच धरून चालतो.

याचा एक जुना दाखला सांगतो. दिनकरराव जवळकरांनी 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक लिहिले आणि केशवराव जेध्यांनी ते प्रसिद्ध केले. पुण्यात बदनामीचा खटला झाला. शिक्षा केवळ लिहिणाऱ्याला झाली नाही, प्रसिद्ध करणाऱ्यालाही झाली. पुढे अपिलात बाबासाहेबांनी त्यांचे वकीलपत्र घेतले आणि १९२६ साली ही मंडळी निर्दोष सुटली. विद्यार्थ्यांनी या खटल्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. दुसऱ्याने लिहिलेले आपण प्रसिद्ध केले तरी जबाबदारी येते, ही एक. आणि खटला झाला म्हणजे सगळे संपले असे नव्हे, कायदा जाणणारा माणूस पाठीशी असेल तर सुटकाही होते, ही दुसरी.

आता आपल्या काळात येऊ. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या ओळींना 'लाईक' केले. दोघींना अटक झाली. ज्या कलमाखाली ही अटक गाजली ते होते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ. त्यात 'त्रासदायक', 'अतिशय आक्षेपार्ह' असे शब्द होते आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. त्रासदायक म्हणजे काय, हे कोणी ठरवायचे? ज्याला त्रास झाला त्याने की ठाण्यातल्या अंमलदाराने? श्रेया सिंघल नावाच्या तरुणीने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनेच्या अनुच्छेद १९ शी विसंगत म्हणून रद्द केले.

येथे टाळ्या वाजवून थांबू नका. कलम रद्द झाल्यावरही देशातल्या पोलीस ठाण्यांत त्याच कलमाखाली गुन्हे नोंदविले जात राहिले. सात वर्षांनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, सरन्यायाधीश उदय लळित यांच्या खंडपीठाला पुन्हा आदेश द्यावा लागला की या मेलेल्या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये. हक्क निकालपत्रात असतो, आणि तो ठाण्याच्या टेबलापर्यंत पोचायला कधी कधी सात वर्षे लागतात. म्हणूनच तो आपल्याला स्वतःला माहीत असावा लागतो.

आणि ६६ अ गेले तरी बाकीची कलमे आहेतच. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुने १५३ अ, म्हणजे समाजगटांत वैर पसरविणे, ते आता १९६ झाले. धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे हे जुने २९५ अ आता २९९ आहे. बदनामीचे ५०० आता ३५६ मध्ये आहे. आकडे पाठ करण्याची गरज नाही. ठाण्यातून आलेल्या कागदावर कोणता आकडा आहे, तेवढा मात्र नीट वाचून घ्यावा.

सर्वांत जास्त प्रश्न आम्हांला विचारला जातो तो असा, "साहेब, आम्ही लिहिलेच नव्हते, फक्त पुढे पाठवले." मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये एका माजी आमदाराच्या प्रकरणात हाच बचाव फेटाळला. महिला पत्रकारांविषयीचा गलिच्छ मजकूर त्यांनी न वाचता पुढे पाठविला, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे पाठविणे म्हणजे त्या मजकुराला आपली संमती देणे, असे न्यायालयाने म्हटले. दिल्ली उच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्याचा बदनामीकारक मजकूर आपल्या खात्यावरून पुन्हा प्रसारित करणे ही प्रसिद्धीच होय, असे सांगितले. नुसत्या 'लाईक'ची गोष्ट जरा निराळी आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले की लाईक करणे म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या अर्थाने प्रसारित करणे नव्हे. पण पालघरच्या मैत्रिणीची रात्र आठवा. न्यायालयात सुटणे आणि अटकच न होणे, यांत अंतर असते.

पुढे पाठविण्याचा एक परिणाम असा आहे की त्याच्यापुढे बदनामीचा खटला काहीच नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. पोटासाठी गावोगाव भिक्षा मागत फिरणारी माणसे. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवरून फिरत होती. ती अफवा पुढे पाठविणाऱ्या कोणाही माणसाला आपण कोणाच्या जिवाचा हक्क घालवतो आहोत, असे वाटले नसेल. 'काळजी म्हणून' पाठविली असेल. भटक्या-विमुक्तांवर, गरिबावर, अनोळखी माणसावर संशय चटकन बसतो. ही गोष्ट आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नसावी.

मतभेदाचे बोलणे मात्र गुन्हा नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यात एका महाविद्यालयातील काश्मिरी प्राध्यापकाने ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर अनुच्छेद ३७० रद्द केल्याचा निषेध केला आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. हातकणंगले पोलीस ठाण्यात १५३ अ खाली गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करण्यास नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी तो रद्द केला. शासनाच्या निर्णयावर टीका करण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे, आणि शब्दांचा परिणाम दुबळ्या, डळमळीत मनाच्या माणसावरून मोजायचा नसतो, समंजस आणि खंबीर माणसावरून मोजायचा असतो, असे त्या निकालात आहे. ही कसोटी मूळची आपल्या नागपूरची. स्वातंत्र्यापूर्वी तेथील उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ती घालून दिली होती. पोलिसांनाच आता भाषणस्वातंत्र्याचे शिक्षण देण्याची वेळ आली आहे, असेही सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी सुनावले.

आता विद्यार्थ्यांनी नीट ऐकावे. मे २०२५ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीने ऑपरेशन सिंदूरच्या संदर्भातील एक मजकूर इन्स्टाग्रामवर पुन्हा टाकला. तिला धमक्या येऊ लागल्या. दोन तासांत तिने तो काढला, माफीही मागितली. तरी महाविद्यालयाने तिला काढून टाकले, आणि पोलिसांनी अटक करून येरवड्यात पाठविले. परीक्षा तोंडावर होती, काही पेपर बुडाले. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिची तत्काळ सुटका केली, काढून टाकण्याचा आदेश स्थगित केला, परीक्षेला बसू द्या म्हणून सांगितले आणि सरकारला चांगलेच फैलावर घेतले. तिचे म्हणणे ऐकून न घेताच महाविद्यालयाने तिला काढले होते. वसतिगृहात राहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवावे, की कोणतीही शिक्षणसंस्था म्हणणे ऐकल्याशिवाय तुम्हांला घालवू शकत नाही. 'सही करा आणि जा' असा कागद समोर ठेवला तर सही करण्याची घाई करू नये. एक दिवसाची मुदत लेखी मागावी.

त्या मुलीने मजकूर काढला होता, तरी तो पुसला गेला नव्हता. कोणीतरी त्याचा फोटो काढून ठेवलाच होता. 'डिलीट फॉर एव्हरीवन' या तीन शब्दांवर आपल्या मुलांचा जेवढा विश्वास आहे, तेवढा आमचा नाही. शिवाय गुन्हा नोंदल्यानंतर पुरावा पुसला तर तो स्वतंत्र गुन्हा होतो. मूळ प्रकरणात सुटणारा माणूस त्यात अडकतो.

पोलिसांचे बोलावणे आले तर काय, हा विषय मोठा आहे, आम्ही थोडक्यात सांगतो. या प्रकारच्या बहुतेक कलमांना सात वर्षांहून कमी शिक्षा आहे. अशा वेळी साधारणपणे अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. पूर्वी हे ४१ अ खाली होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. नोटीस आली तर जावे, लपून बसू नये. लपलेल्या माणसाला अटक करायला कारण सापडते. अटक झालीच तर तिची कारणे लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती मसीह यांच्या खंडपीठाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हे सर्व गुन्ह्यांना लागू असल्याचे सांगितले. मराठी समजत असेल तर मराठीत मागा. मोबाईल जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागा. नव्या कायद्याप्रमाणे झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करायचे असते. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला, तसेच कोणत्याही स्त्रीला आणि बालकाला मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्या प्राधिकरणाचे कार्यालय असते. कितीजणांनी ते पाहिले आहे? हात वर करा म्हटले तर दोन-चारच येतील, म्हणून सांगत नाही.

इथवर आम्ही मोबाईलमुळे हक्क कसा धोक्यात येतो ते सांगितले. त्याच मोबाईलमुळे हक्क राखलाही जातो. आपल्याशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपणांस ठाऊक आहे. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला, त्यामुळे धर्मांतरित बांधवालाही या कायद्याचे संरक्षण आहे. सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी जातीवाचक अपमान किंवा शिवीगाळ करणे हा गुन्हा. २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने आणखी एक कलम घातले, ते असे की अनुसूचित जाती-जमातींना आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा लेखी, तोंडी वा अन्य मार्गाने अनादर करणे हाही गुन्हा आहे. दर एप्रिल महिन्यात आणि डिसेंबर महिन्यात मोबाईलवर जे काही फिरते, त्यासंबंधी हे कलम वाचून ठेवावे.

'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे चौक, चावडी, रस्ता, एवढेच का? फेसबुकची भिंत त्यात येते का? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले की येऊ शकते. मजकूर मोजक्या लोकांनाच दिसेल अशी खूण केली होती म्हणून सुटका नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले की इंटरनेटवरची चित्रफीत जो जो उघडतो, त्या त्या वेळी अपमान झालेली व्यक्ती तेथे हजर आहे असे मानावे. मात्र दिल्लीच्याच त्या प्रकरणात गुन्हा रद्द झाला, कारण मजकूर ठरावीक व्यक्तीला उद्देशून नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये केरळच्या एका आमदाराच्या प्रकरणात असेही सांगितले की केवळ अपमान झालेली व्यक्ती अनुसूचित जातीची आहे एवढे पुरत नाही, अपमान जातीमुळे झाला असे दिसले पाहिजे. आणि एकट्याला खाजगीत आलेला निरोप बहुधा जातीवाचक अपमान-शिवीगाळीच्या कलमांत बसत नाही, कारण तो 'सार्वजनिक दृष्टीस' पडलेला नसतो. ही कलमे अपमान पाहून चिडलेल्या मनाला अपुरी वाटतील. पण तक्रार लिहिताना याच गोष्टी पुढे आणाव्या लागतात. कोणी, कोणाला उद्देशून, किती लोकांसमोर, कोणते शब्द.

आमच्या वस्तीतल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. नाव, इमारत काही सांगत नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाला होता. १४ एप्रिलच्या संध्याकाळी रहिवाशांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जयंतीच्या लाऊडस्पीकरवरून वाद निघाला. एका गृहस्थाने या मुलाचे नाव घेऊन जातीवरून अत्यंत हीन शब्द लिहिला. शंभरावर माणसे त्या ग्रुपमध्ये. मुलाचे रक्त तापले. त्याने त्या गृहस्थाच्या आईवरून शिवी दिली, 'खाली ये, बघून घेतो' असे लिहिले, ग्रुप सोडला आणि रागाच्या भरात सगळे बोलणे फोनमधून पुसून टाकले. ते गृहस्थ त्याच रात्री ठाण्यात गेले. त्यांच्याजवळ मुलाच्या शिवीचा आणि धमकीचा स्क्रीनशॉट होता. त्यांनी स्वतः लिहिलेला शब्द मात्र त्यांनीही काढून टाकला होता. मुलगा आमच्याकडे आला चौथ्या दिवशी, तोही आईने ओढून आणला म्हणून. हातात काही नाही. "माझ्याकडे पुरावा नाही, पण सगळ्यांनी वाचलंय," एवढेच म्हणत होता.

सगळ्यांनी वाचले होते, हे खरेच. पण ज्यांना ज्यांना विचारले त्यांचा फोन बिघडलेला, नाहीतर मेमरी भरली म्हणून पुसलेला. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई, आपल्या समाजाच्या नव्हेत, म्हणाल्या, "माझ्याकडे पहिल्यापासून आहे. मला ते आवडलं नव्हतं, म्हणून ठेवलंय." त्यांनी जबाब दिला, फोनही दिला. त्या बाईंच्या फोनवर आमची सगळी केस उभी आहे. पण दोन्ही बाजूंचे गुन्हे नोंदलेले आहेत आणि मुलाची तारीख अजून चालू आहे. त्याने उत्तर न देता फक्त तो शब्द जपून ठेवला असता, तर आज तो फिर्यादी असता आणि आरोपी नसता.

म्हणून अशा वेळी काय करावे ते सांगतो. मजकूर दिसला की त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा, त्यात लिहिणाऱ्याचा क्रमांक वा खात्याचे नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. आधीचे आणि नंतरचे बोलणेही घ्यावे, नुसते मधले वाक्य कापून घेऊ नये. फेसबुकवर असेल तर त्या मजकुराचा पत्ताही उतरून ठेवावा. ग्रुप लगेच सोडू नये. आणि ज्या फोनवर तो मजकूर आला तो फोन विकू नये, दिवाळीच्या एक्सचेंजमध्ये देऊ नये. याचे कारण जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात आहे. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यातला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ जुलै २०२० रोजी निकाल लागला. मूळ यंत्रच, म्हणजे तुमचा फोन, तुम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून हजर केलात तर प्रमाणपत्राची गरज नाही. नुसती छापील प्रत वा सीडी दिलीत तर प्रमाणपत्र पाहिजेच. आता हे प्रमाणपत्र भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली असते. त्याचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञाने. चांगल्या केसेस या एका कागदावाचून लंगड्या झालेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठविता येत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील फिर्याद नोंदविण्यापूर्वी 'आधी चौकशी करतो' असे म्हणण्याची सोय २०१८ च्या दुरुस्तीने ठेवलेली नाही, आणि ती दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये कायम केली. उलट तुमच्यावरच एखाद्या कवितेवरून, भाषणावरून तीन ते सात वर्षे शिक्षेच्या कलमाची तक्रार आली, तर गुन्हा नोंदण्याआधी प्राथमिक चौकशी करणे योग्य, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात म्हटले आहे. एका बाजूला चौकशी नको, दुसऱ्या बाजूला चौकशी हवी. दोन्ही नियम आपल्याच उपयोगाचे आहेत, फक्त कोणता कोठे हे उलटसुलट करू नये.

एक गोष्ट बोलताना आम्हांला संकोच होतो, पण कार्यकर्त्यांसमोर ती बोललीच पाहिजे. आपल्या एखाद्या मुलीवर अत्याचार होतो. संताप येतो. मोर्चा निघतो. आणि मोर्चाआधी तिचा फोटो, नाव, गाव सगळीकडे जाते, खाली 'न्याय मिळालाच पाहिजे'. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आता न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलगी अल्पवयीन असेल तर पोक्सो कायद्याचे कलम २३ वेगळे. तिचा मृत्यू झाला तरी ओळख झाकायचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले. कठुआ येथील आठ वर्षांच्या मुलीचे नाव छापले म्हणून त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने मोठमोठ्या वृत्तसंस्थांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले. आपला हेतू चांगला असतो, याबद्दल शंका नाही. परंतु पुढे ती मुलगी त्याच गावात राहणार असते, तिचे भाऊ-बहीण त्याच शाळेत जाणार असतात, आणि आरोपीचा वकील पहिल्याच तारखेला तो फोटो कोर्टापुढे ठेवतो.

ग्रुप अ‍ॅडमिन मंडळींसाठी थोडे. नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितले की सभासदाने लिहिलेल्या मजकुराबद्दल, दोघांचा संगनमताचा हेतू नसेल तर, अ‍ॅडमिन जबाबदार नाही. त्या वेळी अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मजकूर काढता येत नव्हता. २०२२ पासून त्याला दुसऱ्याचा मजकूरही काढता येतो. त्यामुळे त्या निकालावर विसंबून डोळे मिटून बसू नये, हे आमचे मत. संस्थेच्या ग्रुपवर रात्री अकरानंतर काय काय येते, ते आम्ही पाहतो. स्टेटसचेही तसेच. नागपूर खंडपीठानेच २०२३ मध्ये म्हटले की स्टेटस हे ओळखीच्यांनी पाहावे म्हणूनच ठेवलेले असते, आणि तो गुन्हा रद्द करण्यास नकार दिला.

शासकीय सेवेत असलेल्या बांधवांची गोष्ट जरा वेगळी आहे. त्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत, आणि जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने समाजमाध्यमांविषयी स्वतंत्र आदेशही काढला आहे. शासनाच्या धोरणावरील टीका त्यांना चौकशीपर्यंत नेऊ शकते. हे योग्य आहे का, यावर वाद घालता येईल. आम्ही घालूही. पण ज्याच्या एकट्याच्या पगारावर घर आहे, त्याने आदेशाची प्रत आधी वाचावी.

आणि नोकरीच्या वाटेवर असलेल्या मुलांनो, अर्जात एक रकाना असतो, 'आपणांविरुद्ध कोणताही गुन्हा दाखल वा प्रलंबित आहे काय?' भीतीने मुले 'नाही' लिहितात. चारित्र्य पडताळणीत ते उघड होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या प्रकरणात सांगितले की माहिती खरी दिली पाहिजे. क्षुल्लक प्रकरण खरे सांगितले असेल तर त्याचा विचार होऊ शकतो, लपविले तर नोकरी जाऊ शकते. आम्ही ज्या मुलाची गोष्ट सांगितली, त्याने या वर्षी एका परीक्षेचा अर्ज भरला. त्या रकान्यापाशी थांबला, आणि फोन केला. आम्ही म्हणालो, "'होय' लिही, गुन्हा क्रमांक लिही, आणि त्याला जोडून तुझ्या फिर्यादीची प्रतही लाव." त्याने तसेच केले आहे. निकाल यायचा आहे.

वेळ बराच झाला, जेवणाची पंगत थांबली आहे असे कार्यकर्ते खुणावत आहेत. ज्यांना प्रश्न आहेत त्यांनी रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात विहाराच्या मागच्या खोलीत यावे, आम्ही तेथेच असतो, फी काही नाही. येताना फोन सोबत आणावा. आणि त्यातले काहीही पुसून येऊ नये. जय भीम.